सावित्रीनं वर स्वतः शोधला होता



वटपौर्णिमेला आपण वडाला सूत गुंडाळतो आणि सावित्रीची गोष्ट ऐकतो. यमाच्या मागे चालत गेलेली, गोड बोलून नवऱ्याचे प्राण परत आणणारी सावित्री सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या गोष्टीची सुरुवात आपण बहुतेक वेळा सोडून देतो. महाभारताच्या वनपर्वात ती आहे. सावित्री ही मद्र देशाच्या अश्वपती राजाची मुलगी. तिचं तेज एवढं, की तिला मागणी घालायला कुणी पुढे येईना. शेवटी बापानंच सांगितलं, तू स्वतः जा आणि तुला योग्य वाटेल तो वर शोधून ये. ती रथात बसली, म्हातारे मंत्री सोबत घेतले आणि निघाली. रानात राहणारा, लाकडं तोडणारा, आंधळ्या बापाला आणि आईला सांभाळणारा सत्यवान तिनं पसंत केला. नारदमुनी म्हणाले, हा वर्षभरात मरणार आहे. बाप म्हणाला, दुसरा बघ. तिनं ऐकलं नाही. मी एकदा निवडला, आता बदलणार नाही, असं तिचं उत्तर होतं.

म्हणजे जिची पूजा आपण नवऱ्यासाठी करतो, तिनं नवरा स्वतः शोधला होता. आजचं आपलं बोलणं याच गोष्टीवर आहे. जोडीदार कोण निवडतं? कशावर निवडतं? निसर्गानं यात काय ठेवलंय आणि आपल्या समाजानं त्यात काय बदललं? याला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे.

सुरुवात निसर्गापासून करू. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली नावाचं गाव आहे, तुमच्यातल्या काही जणी मोर बघायला तिथे गेल्या असतील. पावसाळ्याच्या तोंडावर मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचतो. लांडोर शेजारी दाणे टिपत असते, मध्येच मान वर करून बघते, नाही आवडलं तर चालू पडते. एवढा मोठा पिसारा म्हणजे खरं तर मोराला ओझंच. पळता येत नाही, शत्रूच्या नजरेत भरतो. मग तो टिकला कसा? हा प्रश्न इंग्लंडच्या चार्ल्स डार्विनला छळत होता. १८७१ साली त्यानं माणसाच्या उत्क्रांतीवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात याचं उत्तर दिलं. उत्क्रांती म्हणजे पिढ्यानपिढ्या हळूहळू होणारा बदल. डार्विन म्हणाला, लांडोरी पिढ्यानपिढ्या सुंदर पिसाऱ्याचा मोर निवडत आल्या, म्हणून पिसारा वाढत गेला. म्हणजे मादीच्या पसंतीनं नराचं रूप घडलं. त्या काळच्या बऱ्याच विद्वान पुरुषांना हे पटलंच नाही. मादीला पसंती असते, ती विचार करून निवडते, हे त्यांना हास्यास्पद वाटलं.

दुसरं उदाहरण सुगरण पक्ष्याचं. बहिणाबाई चौधरींची सुगरण आपल्या तोंडपाठ आहे. विहिरीवरच्या बाभळीला लटकणारे ते खोपे कुणी विणले, असं विचारलं तर आपण म्हणू, सुगरणीनं. १९३० साली पक्षीतज्ज्ञ सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. त्यांनी घराजवळच्या झाडावरची सुगरणीची वसाहत दिवसचे दिवस बसून पाहिली. त्यांना दिसलं ते असं. खोपा विणतो नर. तो अर्धाच विणून ठेवतो. मग माद्यांचा थवा येतो. मादी एकेका खोप्यात शिरते, ओढून बघते, आतून पारखते. पसंत पडला तर ती तिथे राहते, आणि मग नर पुढचं नळीसारखं दार विणून खोपा पुरा करतो. पसंत नाही पडला तर तो अर्धवट खोपा तसाच लटकत राहतो. आपण घर बघायला जातो ना, नळाला पाणी किती वेळ येतं, भिंतीला ओल आहे का बघतो, तशीच ही मादी खोपा बघते.

मादी एवढी चोखंदळ का? याचं साधं उत्तर १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं मांडलं. पिल्लासाठी ज्याचा खर्च जास्त, तो जोडीदार निवडताना जास्त विचार करतो. आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर ज्याचं भांडवल जास्त अडकणार, तो व्यवहार तपासून करतो. बाईला नऊ महिने पोटात वाढवायचं, बाळंतपणात जीव धोक्यात घालायचा, पुढे पाजायचं. चुकीच्या निवडीची किंमत तिलाच जास्त मोजावी लागते. म्हणून पसंती-नापसंतीची धार तिच्यात असणं निसर्गाला धरूनच आहे.

माणसाचं मात्र थोडं वेगळं आहे. आपलं मूल फार असहाय जन्मतं. गाईचं वासरू तासाभरात उभं राहतं, आपलं बाळ वर्षाचं झालं तरी पाऊल टाकायला कचरतं. एकट्या आईच्यानं ते वाढत नाही. सारा हर्डी नावाच्या बाईंनी राजस्थानात माउंट अबूला वानरांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की माद्या गप्प बसून राहत नाहीत, नराकडे जायचं की नाही यात पुढाकार घेतात. पुढे २००९ साली त्यांनी माणसाबद्दल पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की आजी, मावशी, मोठी बहीण, बाप अशा अनेक हातांनी मूल वाढवणं हीच माणसाच्या जातीची खासियत आहे. म्हणूनच माणसात पुरुषही निवडतो आणि बाईही निवडते. दोघांनाही भरवशाचा माणूस हवा असतो.

आता एक गंमत सांगते. डार्विननं पक्ष्यांबद्दल लिहिलं की मादी निवडते. पण माणसावर आल्यावर त्यानं लिहिलं की इथे पुरुष बलवान झाला, त्यानं बाईला ताब्यात ठेवलं आणि निवडीची सत्ता आपल्याकडे घेतली. बाई बुद्धीनं कमी असं त्याचं त्याच पानावरचं मत होतं, ते चुकीचं होतं. पण निवडीची सत्ता हिरावली गेली, हे त्याचं म्हणणं त्या काळच्या आपल्या महाराष्ट्राला तंतोतंत लागू पडत होतं.

कारण १८७१ साली आपल्याकडे काय चाललं होतं? आठ-नऊ वर्षांची मुलगी बोहल्यावर. तिला नवरा म्हणजे काय हेच कळत नाही, तिथे पसंतीचा प्रश्न कुठला! बाप-काका बैठकीत सुपारी फोडायचे आणि मुलीला अंगाला हळद लागल्यावर कळायचं.

त्याच दशकात याला धक्के बसायला सुरुवात झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या सप्टेंबरात पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. भटजी नाही, हुंडा नाही. फुल्यांनी लग्नासाठी ज्या मंगलाष्टका लिहिल्या, त्यात नवरी स्वतः बोलते. बायकांना हक्क नाहीत, ते तू देशील का, अशा अर्थाचं ती नवऱ्याला विचारते आणि नवरा सगळ्यांसमोर शब्द देतो. खाली मान घालून उभं राहायची सवय लावलेल्या मुलीला मांडवात बोलायला लावणं ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

पुढे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटंसं पुस्तक छापलं. त्यात त्यांनी जो मुद्दा घातला, तो त्याआधी कुणा बाईनं असा उघड छापल्याचं क्वचितच दिसेल. पुरुषाला जशी बायको मनासारखी हवी असते, तसा बाईलाही नवरा मनासारखा हवा असणार की नाही? विद्रूप, म्हातारा, व्यसनी नवरा पदरात पडला तर तिच्या मनाचं काय? ताराबाईंनी मोर-लांडोरीचा दाखला दिला नाही. त्यांनी घराघरात जे पाहिलं तेच लिहिलं. बाईलाही आवड असते, हे सांगायला त्यांना विलायतेच्या पुस्तकाची गरज पडली नाही.

आणि मग आली रखमाबाई. मुंबईची, जन्म १८६४. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावून दिलं. ती माहेरीच राहिली. आईचे दुसरे यजमान डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी ती वाचायला लागली, शिकायला लागली. मोठी झाल्यावर तिनं ठरवलं, या माणसाकडे नांदायला जायचं नाही. १८८४ साली दादाजी कोर्टात गेला, माझी बायको माझ्या ताब्यात द्या म्हणून. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. अजाण वयात लावलेल्या लग्नासाठी मोठ्या बाईवर जबरदस्ती करता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. पण अपील झालं. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, मी तुरुंगात जाईन.

देशभर गदारोळ झाला. लोकमान्य टिळकांचं ‘केसरी’ तिच्या विरोधात होतं, बेहरामजी मलबारींसारखे सुधारक तिच्या बाजूनं होते. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये दिले आणि त्यानं हक्क सोडला. पुढच्या वर्षी रखमाबाई विलायतेला गेली, तिथे डॉक्टरीची परीक्षा पास झाली आणि १८९५ पासून सुरतेला बायकांच्या दवाखान्यात काम करू लागली. पुढे राजकोटलाही तिनं वर्षानुवर्षं बायकांची बाळंतपणं केली. १९५५ साली ती वारली, तेव्हा नव्वदीत होती.

या खटल्यानं बालविवाहाची चर्चा पेटली. कायदे मात्र गोगलगायीच्या चालीनं आले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, त्यात मुलीचं वय दहावरून बारा केलं. त्यावरही मोठं वादळ उठलं. १९२९ च्या सारडा कायद्यानं लग्नाचं वय मुलीला चौदा आणि मुलाला अठरा केलं. १९७८ साली ते मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस झालं. २००६ साली बालविवाह लावणाऱ्या मोठ्यांना शिक्षा करणारा आणखी कडक कायदा आला. दहापासून अठरापर्यंत यायला सत्याऐंशी वर्षं लागली, मैत्रिणींनो.

लहानपणी लग्न लावलं की पुढे सहवासानं प्रेम होतंच, असं जुनी माणसं म्हणायची. यावरही अभ्यास झालाय. तैवान बेटावर पूर्वी एक रीत होती. गरीब घरातली तान्ही पोर दुसऱ्या घरी द्यायची. ती त्या घरच्या मुलाबरोबर एका ताटात जेवून वाढायची आणि वयात आल्यावर त्या दोघांचंच लग्न लावायचं. आर्थर वुल्फ या अभ्यासकानं तिथल्या जुन्या सरकारी नोंदी तपासल्या. अशा जोडप्यांत मुलं कमी झालेली दिसली आणि काडीमोड जास्त. लहानपणापासून एकत्र वाढलेल्या मुलामुलींत भावाबहिणीसारखी भावना तयार होते, ओढ वाटत नाही, असं फिनलंडच्या एडवर्ड वेस्टरमार्कनं १८९१ सालीच लिहिलं होतं. म्हणजे ओढ ही हुकमानं लावता येणारी गोष्ट नाही.

आता कुणी म्हणेल, मग आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं त्याचं काय? ते एका घरात वाढलेले नसतात, हा मोठा फरक आहे. पण त्या रीतीविषयी आपल्याच पुण्यातल्या एका बाईनं सगळ्यात जास्त अभ्यास केला. इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई, डेक्कन कॉलेजात शिकवायच्या. त्या देशभर फिरून माणसांची मापं घ्यायच्या आणि नातीगोती लिहून घ्यायच्या. १९५३ साली त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांनी दाखवलं की उत्तरेत मुलगी सहसा लांबच्या, अनोळखी गावात देतात. दक्षिणेत मामा, आत्या अशा ओळखीच्या घरात देतात. महाराष्ट्र दोघांच्या मध्ये आहे. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी चालत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही जवळच्या नात्यातलं लग्न नको म्हटलं, पण जिथे जुनी रीत आहे तिथे सूट ठेवली.

आत्याच्या घरात मुलगी दिली की सासू आत्याच असते, जमीन-जुमला, येणं-जाणं राहतं, मुलीला परकं वाटत नाही, असे फायदे आपल्या आज्यांना माहीत होते. तोटाही माहीत असावा. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या शरीरातला साधारण आठवा हिस्सा सारखा असतो. आईकडून आणि बापाकडून एकच दोष मुलाला मिळायची शक्यता त्यामुळे वाढते. कुठल्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात दोष असतो, सख्ख्या नात्यात ते प्रमाण जवळपास दुप्पट होतं. म्हणजे बहुतेक बाळं चांगलीच होतात, पण लग्नाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करून घेणं शहाणपणाचं. ती अनोळखी घरातल्या लग्नातही करावी.

आता आपल्या भागाकडे येऊ. मोरया गोसावींचं चिंचवड हे एके काळी पवनेकाठचं गाव. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिन बनवणारा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, आकुर्डी, पुढे चाकण असा पट्टा वाढत गेला. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. एवढ्या तीस वर्षांत सोयरिकीची भाषाच बदलली. आधी विचारायचे, बागायत किती, विहिरीला पाणी आहे का, भाऊ किती. मग विचारू लागले, कंपनीत आहे का? पर्मनंट आहे का? आज बायोडेटात ‘स्वतःचा फ्लॅट’ ही ओळ नसेल तर कागद पुढे सरकत नाही.

यावर शास्त्र काय म्हणतं? १९८९ साली डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सदतीस समाजांतल्या दहा हजार लोकांना विचारलं, जोडीदारात काय हवं? बायकांनी कमाईला पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व दिलं, पुरुषांनी तरुण वय आणि रूपाला बायकांपेक्षा जास्त महत्त्व दिलं. बस म्हणाले, हे उत्क्रांतीतून आलंय. हा निष्कर्ष जगभर गाजला. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बायका आणि पुरुष दोघांनीही कमाई आणि रूप या दोन्हींच्या वर ठेवला होता तो समजूतदार स्वभाव आणि शहाणपण.

पुढे १९९९ साली ॲलिस ईगली आणि वेंडी वुड या दोघींनी तीच माहिती पुन्हा तपासली. ज्या देशांत बायकांना शिक्षण, पगार, सत्ता पुरुषांच्या जवळपास मिळते, तिथे हा फरक कमी झालेला दिसला. २०२० साली पंचेचाळीस देशांत पुन्हा असा अभ्यास झाला. फरक सगळा पुसला गेलेला नाही, पण जिथे समानता जास्त तिथे जोडीदारांच्या वयातलं अंतर कमी, असं त्यात आलं. म्हणजे थोडं निसर्गाचं आहे आणि बरंचसं परिस्थितीचं आहे.

ते आपल्याला सहज समजेल. मुलीच्या नावावर जमीन नाही, घर नाही, हातात पगार नाही. मग ती आणि तिची आई नवऱ्याची कमाई नाही बघणार तर काय बघणार? त्याला लोभ म्हणू नये, ती सुरक्षिततेची धडपड आहे. जी बाई स्वतः कमावते, जिचं नाव सातबाऱ्यावर आहे, तिला नवऱ्याचा स्वभाव बघायला मोकळीक मिळते. चाकणजवळच्या आंबेठाणला राहून शेतकरी संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींनी ही गाठ ओळखली होती. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. शेतकऱ्यांनी आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची, अशी ती मोहीम होती. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा देणारा कायदा केला, देशभर तो २००५ साली आला. बहिणीनं हक्कसोड पत्रावर सही करून द्यायची ही रीत मात्र अजून जोरात आहे.

रंगाचंही सांगते. ‘मुलगी गोरी हवी’ यालाही काही लोक निसर्गाचं नाव देतात. निसर्ग तर उलट सांगतो. कडक उन्हाच्या देशात सावळा रंग हा कातडीचं रक्षण करतो, हजारो वर्षांत तो आपल्या अंगावर घडलाय तो उपयोगी म्हणूनच. गोऱ्या रंगाची हाव ही जात, पैसा आणि गोऱ्या साहेबाचं राज्य यांतून आली. क्रीमच्या जाहिरातींनी तिला खतपाणी घातलं. तिचा दोष लांडोरीवर ढकलू नये.

आता या सगळ्यातला कडू भाग. जी निवड जन्मानंतर करायची, ती आपण जन्माआधीच करायला लागलो. सोनोग्राफी करून मुलगी नको म्हणायला लागलो. महाराष्ट्रानं १९८८ साली देशात सर्वांत आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, १९९४ साली तो देशाला लागू करायचं ठरलं. तरीही काय झालं बघा. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ ला त्या ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. त्या वेळी पाळण्यात असलेले मुलगे आता लग्नाला येतायत.

२०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात एक मोर्चा निघाला. नवरदेवाचा पोशाख, मुंडावळ्या, कुणी घोड्यावर बसलेला, आणि मागणी काय, तर आम्हाला नवरी मिळत नाही, गर्भलिंग तपासणीचा कायदा नीट राबवा. बातम्यांत लोक हसले. पण त्या पोरांचं म्हणणं खरं होतं. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, याची दोन कारणं एकत्र आलीत. एक, मुलीच कमी जन्माला घातल्या. दुसरं, ज्या जन्मल्या त्यांना शेतीतले हाल आईच्या अंगावर दिसलेत. आई सगळं शेत करते, पण शेत तिचं नाही, पैसा तिच्या हातात येत नाही. लेक म्हणते, मला हे नको. तिची निवड चुकीची कशी म्हणायची? शेतकरी नवरा नको असं ती म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा शेतात फुकट राबणं नको, असं तिला म्हणायचं असतं. शेतकरी मुलाच्या आयांनी हे ऐकून घ्यायला हवं. सून हवी असेल तर तिला वाटा काय देणार, हे आधी ठरवा.

आणखी एक अभ्यास सांगून आवरते घेते. २००८ साली अमेरिकेत तरुण मुलामुलींना आधी विचारलं, जोडीदार कसा हवा. मग त्यांच्या एकमेकांशी थोड्या थोड्या वेळाच्या भेटी घालून दिल्या. कागदावर जे हवं म्हणून लिहिलं होतं, त्याचा आणि भेटीत खरंच कोण आवडलं याचा फारसा मेळ बसला नाही. म्हणजे उंची, पगार, फ्लॅट कागदावर दिसतं. बोलणं, हसणं, ऐकून घेणं हे भेटल्यावरच कळतं. आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पंधरा माणसांसमोर मुलीला विचारतात, स्वयंपाक येतो का, आणि तिनं मान हलवली की पसंती झाली. यातून काय कळणार?

म्हणून बायांनो, गटात या महिन्याच्या मीटिंगला या विषयावर बोला. लग्नासाठी कर्ज मागायला एखादी आली, तर व्याज आणि हप्त्याआधी तीन प्रश्न विचारायची पद्धत पाडा. मुलीला अठरा पूर्ण झाली का? तिला एकटीला, घरच्यांच्या मागे, पसंती विचारली का? आणि तिनं नाही म्हटलं असतं, तर ते चाललं असतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. जिथे ‘नाही’ म्हणायची सोय नाही, तिथल्या ‘हो’ला अर्थ नसतो. अठराच्या आत कुणाचं लग्न ठरत असेल तर १०९८ या नंबरवर फोन करता येतो, तो फुकट लागतो.

आणि घरच्या मुलग्यांशीही बोला. ताटातली भाजी कुणी वाढली, बाळाचं लंगोट कुणी धुतलं, हे आता मुली बघतात. सुगरणीचा नरसुद्धा आधी खोपा विणतो, मग पसंतीची वाट बघतो. आपल्या पोरांना घर विणायला शिकवायला काय हरकत आहे?

तुमच्या गावात सोयरीक ठरवताना काय विचारतात, तुमच्या आजीच्या वेळी काय विचारायचे, हे आम्हाला लिहून किंवा फोनवर सांगून कळवा. पुढच्या बोलण्यात त्यातलं वाचून दाखवीन. तोपर्यंत नमस्कार.